रेडिओमावशीने बदललेला खुनी

त्या पुस्तकाचं नाव मी सांगणार नाही. फुकटात जाहिरात करायला तो लेखक माझा कोण लागून गेला आहे? दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली ती खुनाची गोष्ट होती. हँडल मारून सुरू होणाऱ्या मोटारी, तारा घेऊन येणारे पोस्टमन, हॅट घातलेले पुरुष, आणि एका बंगल्यात अभ्यासिकेच्या गालिच्यावर मरून पडलेला कापसाचा बडा व्यापारी. त्या पुस्तकाबद्दल शहाण्यासुरत्या लोकांनी भरभरून मतं दिली, ती छापूनही आली. आमच्या रेडिओमावशीबद्दल मात्र कुणी कधी मत विचारलं नाही, म्हणून मीच सांगायला बसले आहे.

मावशी आमच्यापैकी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. तयार कपड्यांच्या कारखान्यात आमची खोली सगळ्यात मागची. पुढच्या हॉलमध्ये यंत्रं खडखडतात, आमच्याकडे हाताचं काम येतं. काज, बटणं, दोरे कापणं, इस्त्री, घडी. एकच खिडकी, तीही शेजारच्या गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून. एका बाजूला फळीची आडभिंत, तिच्यापलीकडे कटिंग मास्तर. त्या खोलीत मावशीने उभं आयुष्य काजं करण्यात घालवलं. तिचं काज उलटीकडून बघितलं तरी सुलटं वाटायचं. मी तिच्याच हाताखाली शिकले आणि तिच्या शिव्याही खाल्ल्या. शिकवताना ती हातावर पट्टी मारायची नाही, नुसतं माझं काज उसवून परत माझ्या मांडीवर टाकायची. त्यापेक्षा पट्टी परवडली असती.

नाकावर माशी बसू द्यायची नाही. नवरा सोडून गेला होता. त्याच्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, हरवला, आणि मी शोधला नाही. शाळा लहानपणीच सुटली, वाचनाची खोड मात्र सुटली नाही. राहायला एक खोली, तीत एक खाट, आणि खाटेखाली पुस्तकं. घरमालकाने एकदा वाळवीची भीती घातली, तर म्हणाली, वाळवी निदान पूर्ण वाचते तरी.

खोलीत पूर्वी एक रेडिओ होता. तो बिघडला आणि मालक काही दुरुस्त करेना. मग डबा खाताना मावशी मोठ्याने वर्तमानपत्र वाचू लागली, वर्तमानपत्राचं पुढे पुस्तक झालं, आणि तिचं नाव रेडिओ पडलं. त्यानंतर तिच्या उजव्या हाताचा अंगठा आखडला. डॉक्टर म्हणाला, सुई सोडा. सोडून धरू काय, असं तिने विचारलं, त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते उत्तर इस्त्रीवालीने काढलं. ही इस्त्रीवाली म्हणजे आमच्या खोलीचा आवाज. अंगाने आडवी, बोलायला उभी. ती म्हणाली, मावशी दिवसभर वाचेल, तिच्या वाटणीचे शर्ट आपण वाटून घेऊ. तेव्हापासून प्रत्येक जणी रोज थोडे थोडे शर्ट मावशीच्या नावाने करून ठेवू लागली. मालकाला हे ठाऊक होतं. वाचन चालू असलं की बायकांची तोंडं बंद राहतात आणि माल जास्त निघतो, एवढ्यासाठी त्याने डोळेझाक केली. त्याचा मोठेपणा तेवढाच. म्हणजे मावशीची नोकरी आमच्या हातात होती. आम्ही अंग काढून घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावर आली असती, हे तीही जाणून होती आणि आम्हीही.

तिचे दोन नियम होते. एक, पुस्तक आधी चोरून वाचायचं नाही. तुमच्याआधी मला कळलं तर माझ्या आवाजाला कळतं, असं ती म्हणायची. दुसरा नियम, पुस्तक संपलं की प्रत्येकीने मत द्यायचं, आणि का ते सांगायचं. बरं होतं, असं म्हटलेलं चालायचं नाही. बरा शर्ट असतो, म्हणायची. त्यामुळे आमच्या खोलीत पुस्तकांची जी साफसफाई व्हायची ती भल्याभल्यांना झेपली नसती. एका प्रेमकथेवर बटणवालीने मत दिलं होतं की नायकाला दोन दिवस इस्त्रीच्या टेबलावर उभं करा, सगळा विरह वाफेबरोबर निघून जाईल.

तर ते खुनाचं पुस्तक. सुरुवातीला आम्ही त्याच्या अगदी प्रेमात पडलो, खोटं कशाला बोलू. तपास करणारा इन्स्पेक्टर पहिल्या महायुद्धात एका कानाने बहिरा झालेला. आम्ही त्याला एककान्या म्हणायचो. तो बहिरा कान पुढे करून माणसांच्या नको त्या बाजूला बसायचा, म्हणजे ऐकू येत नाही असं समजून ती नको ते बोलून जायची. व्यापाऱ्याच्या घरात संशयित चार. धाकटा भाऊ, उधळ्या मुलगा, घरचा डॉक्टर आणि जुनी मोलकरीण. व्यापाऱ्याच्या रात्रीच्या दुधात विष होतं, आणि त्याच्या मेलेल्या बायकोची मोत्यांची माळ कपाटातून नाहीशी झाली होती. धाकट्या भावावर आमच्या सगळ्यांचा डोळा होता. इतकं गोड बोलणारा माणूस सरळ असूच शकत नाही, असं इस्त्रीवालीचं ठाम मत, आणि मास्तरही आडभिंतीपलीकडून हो म्हणाले होते. मास्तर आपण ऐकतच नाही असं दाखवायचे. पण गोष्ट रंगात आली की त्यांची कात्री थांबायची, आणि कापड काही आपोआप कापलं जात नाही.

शेवटच्या प्रकरणात एककान्याने सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. एकेकाचं पितळ उघडं पाडत आणलं आणि हातातली काठी उचलली. मावशीने वाचलं, काठी हळूहळू वळली आणि थांबली ती... इथे मावशीही थांबली. पाणी प्यायली. आम्ही ओरडलो, कुणाकडे, कुणाकडे. ती म्हणाली, धाकट्या भावाकडे.

पुस्तकात काठी मोलकरणीकडे वळली होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं, तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. मावशीने ते नाव बघितलं, गिळलं, आणि तिथून पुढचं सगळं मनाने रचलं. पुस्तक डोळ्यांसमोर धरून, वेळेवर पानं उलटत. भावाचा घाम, त्याची थरथर, मोलकरणीला हात जोडून माफी मागणारा मुलगा, सगळं. आणि काय रचलं म्हणून सांगू. बटणवाली रडली. मास्तर उठून आडभिंतीच्या टोकाशी येऊन उभे राहिले. मतं द्यायची वेळ आली तेव्हा इस्त्रीवाली म्हणाली, एवढ्या वर्षांत असा लेखक बघितला नाही, कारण याने पहिल्यांदा आमच्यातल्या बाईवर आळ घेऊन तो परत काढून घेतला. मावशीने पुस्तक पिशवीत घातलं. दुसऱ्या दिवशी तिने ते ग्रंथालयात परत केलं.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ग्रंथालयाने दारावर सूचना लावली की त्या पुस्तकाचे लेखक स्वतः येणार आहेत, वाचकांनी मोकळेपणाने मतं मांडावीत. इस्त्रीवालीने ती वाचली आणि तिच्या अंगात वारं शिरलं. आपण जायचं, सगळ्यांनी जायचं. मावशीने खोडा घालून बघितला. लेखक काय बघायचे, म्हणाली, चार डोळे आणि एक पोट असतं. मग म्हणाली, तिथे मोठी माणसं असतात, आपल्याला कोण विचारतंय. शेवटी तिचं डोकं दुखायला लागलं आणि ती आली नाही. आम्हाला वाटलं, मावशीचं वय झालं.

आम्ही ठेवणीतले कपडे घालून गेलो. मास्तर दाढी करून आले होते. मागच्या रांगेत बसलो. पुढच्या माणसांनी आधी मतं दिली. एक म्हणाले, काळाचा गंध अस्सल उतरला आहे. एक बाई म्हणाल्या, दोन युद्धांमधली अस्वस्थता पानापानांत आहे. अस्वस्थता त्यांच्या खुर्चीत होती, सारखी करकरत होती. एका प्राध्यापकांनी शेवट अनपेक्षित असूनही अटळ आहे असं काहीसं सांगितलं, त्यावर लेखक मान डोलावत राहिला. मग इस्त्रीवाली उठली.

ती चांगलं बोलली, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. तिने सांगितलं की आम्ही कारखान्यात ऐकलं, एककान्या आम्हाला घरचा वाटतो, आणि धाकट्या भावाला खुनी ठरवून आणि मोलकरणीची माफी मागवून लेखकांनी आमची मान उंच केली. आधी पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू मागे मागे येत गेलं. लेखक माइकवर झुकून म्हणाला, बाईंनी बहुधा दुसरंच पुस्तक वाचलंय. सगळा हॉल हसला. कुणीतरी मागे वळून समजावणीच्या सुरात सांगितलं, अहो, खुनी मोलकरीण आहे, माळेसाठी मारलं तिने. इस्त्रीवाली तशीच उभी होती. तिला बसायचं सुचेना. मी तिला हात धरून खाली बसवलं, तिचा हात भट्टीसारखा तापला होता.

माझ्या डोक्यात तेव्हा जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. हसणाऱ्यांचा राग आला. त्या लेखकाचा आला, ज्याला एक शब्द नीट विचारता आला असता, बाई, तुम्ही कुठे ऐकलंत म्हणून. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग आला तो मावशीचा. चारचौघांत आमची शोभा झाली आणि ती घरी डोकं धरून बसली होती. निघताना इस्त्रीवालीने ग्रंथपालांकडून ते पुस्तक घेतलं. 

सकाळी मावशी आली तेव्हा तिच्या टेबलावर शर्ट नव्हते. एकीनेही ठेवले नव्हते. त्या रिकाम्या टेबलाकडे बघूनच ती समजली. इस्त्रीवालीने पुस्तक तिच्यासमोर आपटलं आणि शेवटचं प्रकरण वाच म्हणाली. मावशीने बघितलंसुद्धा नाही. उलट तीच भडकली. म्हणाली, एवढा जळफळाट कशाला, गोष्टच होती ना. मी चांगली करून दिली, त्याने घाण केली होती.

"तुला कुणी सांगितलं होतं चांगली करायला?" इस्त्रीवाली म्हणाली. "आम्ही काय दूधखुळ्या आहोत? कडू गोळी साखरेत बुडवून द्यायला?"

बाकीच्यांनीही तोंडसुख घेतलं. बटणवाली म्हणाली, मी त्या खोट्या माफीवर रडले, माझं रडणं परत दे. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, ते लिहिण्यासारखं नव्हतं. मास्तर मध्ये पडायला आले तर त्यांनाही चार शब्द मिळाले. मावशी मूग गिळून बसणारी बाई नव्हती, एकेकीला जशास तसं देत राहिली. मग मध्येच तिने समोरचं पुस्तक दूर सारलं.

"तो शब्द माझ्या तोंडातून निघेना," ती म्हणाली. "मी वाचायला गेले, पण निघेना."

आणि मग तिने जे सांगितलं ते इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. तिची आई एका मोठ्या घरी कामाला होती. त्या घरातलं सोन्याचं घड्याळ हरवलं. आईला फाटकाशी उभी करून तिचं गाठोडं रस्त्यावर झाडलं गेलं, त्यात काही सापडलं नाही, तरी काढून टाकलं. मावशी तेव्हा आईचं बोट धरून उभी होती. पुढे ते घड्याळ त्याच घरात, कपाटाच्या मागे पडलेलं सापडलं. त्या लोकांनी गल्लीभर सांगितलं, कसं गमतीशीर सापडलं म्हणून. फक्त आईला कुणी येऊन सांगितलं नाही. तिला दूधवाल्याकडून कळलं. त्या गल्लीत तिला परत कुणी काम दिलं नाही. आणि मरेपर्यंत ती जेवताना मध्येच थांबून लेकीला म्हणायची, मी घेतलं नव्हतं गं. जणू लेकच संशय घेत होती. मावशी म्हणायची, हो आई, माहितीये. एवढं सांगणारी ती एकटीच. आईच्या बाजूने दुसरं माणूस तिला शेवटपर्यंत भेटलं नाही.

 मला मावशीची दया आली आणि तरी राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. इस्त्रीवालीचंही तेच झालं असावं. तिचा आवाज खाली आला, पण मऊ झाला नाही.

"तुझ्या आईचं ऐकून आतडं पिळवटलं माझं," ती म्हणाली. "पण मावशी, ते वाचून आम्हालाही राग आला असता. तो आमच्या वाटणीचा राग होता. तू एकटीने गिळलास. काल त्या हॉलमध्ये मला तो हवा होता. मी उभी राहून त्या माणसाला विचारलं असतं, का रे बाबा, आम्हीच का. त्याऐवजी मी त्याचे आभार मानून आले."

  मग इस्त्रीवाली पुढे म्हणाली, तुझे शर्ट आम्ही करू, तुझी खुर्ची तुझीच राहील, पण आधी हे पुस्तक पुरं होईल, जसं आहे तसं. नाही तर उद्यापासून तू काय वाचतेस यावर आमचा विश्वास कसा बसणार? मावशीने पुस्तक उचललं. ते पान काढलं. ओठ हलले. काठी हळूहळू वळली, इथपर्यंत आली आणि पुस्तक मांडीवर ठेवून दिलं. डोळ्यांना पाणी नव्हतं, नुसता चेहरा लाल झाला होता. नाही होत, म्हणाली, मला काढून टाका.

मी काज बाजूला ठेवलं आणि पुस्तक घेतलं. माझं वाचन म्हणजे आनंदच. बोट ठेवल्याशिवाय ओळ सापडत नाही, जोडाक्षर आलं की ठेचकाळते. तरी वाचलं. काठी मोलकरणीकडे वळली. मोलकरीण मटकन खाली बसली. एककान्या म्हणाला की ज्या घरचं अन्न खाल्लं त्याच घरात हिने विष कालवलं, कारण मोत्यांवरचा हिचा डोळा कधी हललाच नव्हता. आमचा एककान्या असं बोलला, याचं मला फार लागलं. पोलिसांनी तिला नेलं. मुलगा खिडकीशी उभा राहून सिगारेट ओढत म्हणाला, आणि आपण हिला घरचं समजत होतो. डॉक्टर म्हणाला, ही माणसं अशीच. मोलकरणीच्या तोंडी लेखकाने एक वाक्यसुद्धा घातलं नव्हतं. पुस्तक संपलं.

मी मान वर केली. मत विचारायचं ते मावशी विचारायची, आणि ती जमिनीकडे बघत होती. मग इस्त्रीवालीनेच सुरुवात केली. "खोटं आहे," ती म्हणाली. "सगळ्या घराच्या चाव्या हिच्या कमरेला होत्या. माळ हवी होती तर ती कधीच घेऊन गेली असती. त्यासाठी माणूस कशाला मारेल?"

मावशीने चेहरा वर केला.

खोटं आहे, बटणवाली म्हणाली, तिला बोलूच दिलं नाही, आणि ज्याला बोलू देत नाहीत त्याच्यावर काहीही ढकलता येतं. घडी घालणारी म्हणाली, खोटं, कारण माळ तिच्याकडे सापडलीच नाही, मी कान देऊन ऐकलं. आडभिंतीपलीकडून मास्तर म्हणाले की लेखकाला शेवट सुचेना, म्हणून जिच्या मागे कुणी नाही तिच्या गळ्यात घातलं, बाकी काही नाही. दोरे कापणारी फारशी कधी बोलत नाही, तीही म्हणाली, तिने घेतलं नव्हतं. तिने मारलं नव्हतं असं म्हणायचं होतं तिला, पण निघालं ते असं निघालं, आणि कुणी तिला सुधारलं नाही. एकेक करून सगळ्यांनी मत दिलं. एकीचंही वेगळं नव्हतं.

मावशी प्रत्येकीकडे वळून बघत होती, शेवटचीचं बोलून होईपर्यंत. आखडलेल्या अंगठ्याचा तिचा हात मांडीवर उघडा पडला होता. मला वाटलं, आता ती उठून जाईल, किंवा रडेल, किंवा नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलेल. तिने यातलं काहीच केलं नाही.

"ते पान परत वाच," ती मला म्हणाली.

मी परत वाचलं, आणि खोलीने परत मत दिलं.